खेळातल्या गड्यांना सुट्टी, मग स्वतःला का नाही?

आई मुलाला घेऊन दवाखान्यात आली की निम्मे निदान आईच्या चेहऱ्यावरच वाचता येते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एक बाई आल्या. लातूर जिल्ह्यातल्या. मुलगा सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीनवर कामाला. भोसरीत तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. पोराचे कसे काय चालले आहे हे पाहायला आई चार दिवस आली होती आणि जे पाहिले त्याने हबकून गेली होती.

"डॉक्टरसाहेब, ह्याला काहीतरी सांगा. रात्री एकला कामावरून येतो आणि पहाटेपर्यंत त्या लॅपटॉपमधल्या भुतांशी लढत बसतो. खाणं नाही, झोप नाही. बाहेरचं काही आहे का, तेवढं बघा."

मुलगा मान खाली घालून बसला होता. डोळे लाल, डोळ्यांखाली काळे. रक्तदाब पाहिला तर १४६/९४. या वयाला हा आकडा बरा नव्हे. मग मी तेच केले जे आम्ही डॉक्टर मंडळी बहुतेक वेळा करतो. दहा मिनिटे व्याख्यान दिले. "तो लॅपटॉप आईबरोबर गावी पाठवून दे," असे ठणकावले. त्याने मान डोलावली, आईला समाधान वाटले, आणि तो मुलगा पुन्हा दवाखान्याकडे फिरकला नाही. ही चूक माझी. रोग्याला काय होते हे न विचारताच मी औषध सांगून मोकळा झालो होतो.

दोन महिन्यांनी तो आला तो खरचटलेला गुडघा आणि कोपर घेऊन. दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून येताना कुरुळीजवळ क्षणभर डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासली. मागे ट्रेलर नव्हता म्हणून निभावले. जखम धुवायला, पट्टी बांधायला वेळ लागतो. त्या वेळात मी या खेपेला व्याख्यान दिले नाही. नुसते विचारले, "बाळा, तो खेळ आहे तरी काय?"

त्याने जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. वाचकांनाही ते ऐकण्यासारखे वाटेल, म्हणून आजचा लेख.

भुयारातले चार गडी

खेळाचे नाव 'डार्केस्ट डंजन'. म्हणजे सर्वांत काळोखे भुयार. कॅनडातील व्हँकुव्हरच्या 'रेड हुक' नावाच्या छोट्या कंपनीने तो जानेवारी २०१६ मध्ये बाजारात आणला. या जातीच्या खेळांना 'रोगलाईक' म्हणतात असे तो म्हणाला, तेव्हा माझे कान टवकारले! पण हा रोग आपला नव्हे. १९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ तयार केला. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भामटा, लफंगा. त्यात भुयार दर वेळी नवे मांडले जाई आणि गडी एकदा मेला की मेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याच्या वळणावरचे ते सारे 'रोगलाईक'.

'डार्केस्ट डंजन'मध्ये आपल्याला एक उजाड वाडा आणि त्याखालची भुयारे वारशाने मिळतात. तिथे भुतेखेते, राक्षस माजलेले. गावात आलेल्या गड्यांतून चार निवडायचे, त्यांची पुढेमागे रांग लावायची आणि खाली उतरायचे. लढाई बुद्धिबळासारखी, आधी एकाची चाल मग दुसऱ्याची. कोण पुढे आणि कोण मागे यावर सारे अवलंबून. गड्यांमध्ये एक वैद्यही आहे. जुन्या काळी युरोपात प्लेगचे वैद्य पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा घालत, तो घातलेला. आमच्या व्यवसायातला माणूस तिथेही आहे हे ऐकून मला बरे वाटले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या खेळात प्रत्येक गड्याचे दोन हिशेब ठेवलेले असतात. एक शरीराचा, म्हणजे जखमांचा. आणि दुसरा मनावरच्या ताणाचा. मशालीचा उजेड कमी झाला की ताण वाढतो. सोबत्याला लागले की वाढतो. ताणाचा आकडा शंभरावर गेला की गड्याची कसोटी लागते. एखादा त्यातून उजळून निघतो. पण बहुतेक जण मोडतात. कुणी भेदरतो, कुणी संशयी होतो, कुणी स्वार्थी, कुणी निराश. मोडलेला गडी सांगितलेले ऐकत नाही, औषध घ्यायला नकार देतो, शेजारच्यावर खेकसतो. आणि त्याच्या खेकसण्याने बाकी तिघांचा ताण वाढतो! आकडा दोनशेवर गेला की हृदयविकाराचा झटका.

वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी जे रोज पाहतो ते एखाद्या खेळात इतके नेमके मांडलेले असेल असे मला वाटले नव्हते. ताण दिसत नाही, पण साठतो. तो एकाचा दुसऱ्याला लागतो. कारखान्यातला ताण घरी येतो, बायकोवर निघतो, तिच्याकडून मुलांवर. मी किती संसारांत ही साखळी पाहिली असेल, त्याची गणती नाही.

गावात एक आठवडा

मोहिमेवरून परतलेल्या थकलेल्या गड्याला काय करायचे? खेळात त्यासाठी गाव आहे. तिथे मठ आहे, देऊळ आहे, दारूचा गुत्ता आणि जुगाराचा अड्डाही आहे, आणि एक रुग्णालय आहे. गड्याला त्यांपैकी कुठे तरी पाठवायचे. पैसे मोजायचे. आणि तो आठवडाभर मोहिमेवर जाणार नाही. दुसरा न्यायचा. गंमत अशी की गुत्त्यात पाठवलेल्याचा ताण उतरतो खरा, पण कधी कधी तो नवीन खोड लावून घेऊन येतो, कधी पैसे उधळतो, कधी दोन-चार आठवडे गायबच होतो. आमच्या औद्योगिक पट्ट्यात पगाराच्या संध्याकाळी कुठल्याही हमरस्त्यावर फेरी मारा, हेच पाहायला मिळेल.

पट्टी बांधून झाल्यावर मी त्याला विचारले, "तुझ्या गड्यांपैकी एखाद्याचा ताण नव्वद असेल तर तू त्याला खाली पाठवशील का?"

"नाही सर. वेडा आहे का मी? तो मोडेल आणि बाकीच्यांना पण घेऊन जाईल."

"आणि तुझा स्वतःचा आकडा आज किती असेल?"

तो हसला. मग गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "एकशे सत्तर तरी असेल."

खेळणाऱ्याला चार गड्यांची काळजी घेता येते, पण पाचवा गडी म्हणजे तो स्वतः, त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच.

सतरा तास जागा माणूस

आता थोडे शास्त्र. अपघाताच्या दिवशी तो सकाळी साडेसातला उठला होता. खोलीतले बाकीचे कामाला निघाले की झोप मोडतेच. रात्री साडेबाराला तो गाडीवर होता. म्हणजे सलग सतरा तास जागा, तेही आदल्या रात्री तीन तासांच्या झोपेवर. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई आणि लक्ष किती घसरते हे त्यांनी मोजले. ते रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरलेले आढळले. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे माझा हा रुग्ण थेंबभरही न पिता मर्यादेपलीकडे 'प्यालेला' होता. त्याला नाक्यावर कोणी अडवणार नाही, कारण झोपेला वास नसतो.

मोठ्या माणसाला चोवीस तासांत किमान सात तास झोप हवी. रात्री डोळ्यांसमोर प्रखर उजेड असला की झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी तयार होते. त्यात हा खेळ भीतीचा आणि हारजितीचा. छाती धडधडत असताना लॅपटॉप मिटला तरी मन मिटत नाही. अंथरुणावर पडूनही तासभर झोप येत नाही. रक्तदाब, आम्लपित्त, डोकेदुखी, चिडचिड ही सगळी मागून येणारी वऱ्हाडी मंडळी. मशीनवर पेंग आली तर काय होते ते सांगायला नको. प्रेसखाली गेलेली बोटे मी माझ्या टेबलावर पाहिली आहेत.

मग खेळ वाईट का?

जुलै २०२४ मध्ये आपल्या शहरात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी ऑनलाइन खेळाचे नाव जोडले गेले. तेव्हापासून घाबरलेले आईबाप माझ्याकडे येतात. त्यांची भीती मी समजू शकतो. पण सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत. पैसे लावून खेळायचे खेळ ही वेगळी जात. त्यांच्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, ते योग्यच झाले. 'डार्केस्ट डंजन' त्यातला नव्हे. तो एकट्याने खेळायचा, त्यात पैज नाही. मात्र रक्त आणि भेसूरपणा भरपूर, तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नये.

व्यसन कशाला म्हणायचे यालाही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे. या तीन गोष्टींनी घर, नोकरी, शिक्षण यांचे खरोखर मोठे नुकसान होत असेल आणि हे सहसा वर्षभर चालले असेल, तर तो विकार. महिनाभर एखाद्या खेळाचे वेड लागणे म्हणजे विकार नव्हे. आमच्या पिढीने पत्त्यांवर आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीवर घालवलेल्या रात्री आठवाव्यात.

माझ्या या रुग्णाला विकार नव्हता. मी त्याला विचारले, एवढ्या रात्री तू खेळतोस का? तो म्हणाला, "सर, दिवसभर मी मशीन सांगेल ते करतो. नाश्ता कधी, चहा कधी, लघवीला कधी जायचं ते लाइन ठरवते. रात्री एक ते चार हा वेळ तेवढा माझा. तिथं मी ठरवतो." या उत्तरावर माझ्याजवळ औषध नव्हते. लॅपटॉप गावी पाठवून ही भूक गेली नसती. ती दुसरीकडे, कदाचित गुत्त्याकडे वळली असती.

फाटकावर येणारी गाडी

खेळात आणखी एक व्यवस्था आहे. दर आठवड्याला गावात एक घोडागाडी येते आणि नवे गडी फुकट मिळतात. तो मला म्हणाला, "सुरुवातीला मी नव्या पोरांना खाली पाठवायचो, माल आणायचो, आणि ती मोडली की हाकलून द्यायचो. मठाचा खर्च कोण करणार? पुढच्या आठवड्यात दुसरी येतातच." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या फाटकावर पण गाडी येतेच की, सर."

यावर मी काय बोलणार? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून पोरे येतात. एक दमला की दुसरा उभा. पण त्यानेच पुढे सांगितलेली गोष्ट कारखानदारांनी ऐकण्यासारखी आहे. शेवटच्या, सर्वांत खोल भुयारात नवखे गडी टिकत नाहीत. तिथे मुरलेले गडी लागतात. आणि मुरलेला गडी तयार व्हायचा तर त्याला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. ज्याने माणसे वापरून फेकली तो पहिल्या भुयारात श्रीमंत होतो आणि शेवटच्यात हरतो.

ही अक्कल आपल्याला कॅनडातून आणायची गरज नव्हती. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे मूळचे कन्हेरसरचे. कन्हेरसर खेड तालुक्यात, आणि आपले चाकणही खेड तालुक्यातच. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, निवेदने दिली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. ज्या मातीतून हा माणूस आला तिथेच आज पोरे रविवारी ओव्हरटाइमला जातात. नाइलाजाने जातात हे मला माहीत आहे. घरी पैसे पाठवायचे असतात. पण सुट्टी म्हणजे बुडालेला रोज नव्हे. मशीनला तेलपाणी देण्यासाठी लाइन थांबवतात, तेव्हा त्याला कोणी आळस म्हणत नाही.

आणखी एक. तो म्हणाला, या खेळात सगळ्यांत अवघड काय असेल तर मोहीम अर्धवट सोडून माघार घेणे. हाव सुटते. आणखी एक खोली पाहू म्हणता म्हणता चौघेही जातात, आणि गेलेला गडी परत मिळत नाही. मी त्याला चाकणच्याच किल्ल्याची आठवण दिली. १६६० साली संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवले. बुरूज सुरुंगाने उडाला, मदत येणार नाही हे कळले, तेव्हा उरलेली माणसे वाचवून त्यांनी किल्ला सोडला. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही. पहाटे दोनला लॅपटॉप मिटणे ही त्या मानाने फारच सोपी माघार आहे.

काय करावे?

पाळीत काम करणाऱ्या आणि असे खेळ खेळणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असे:

१. आधी झोपेचे सात तास बाजूला काढा, मग उरलेल्या वेळेत खेळ बसवा. दुसऱ्या पाळीवरून आल्यावर फार तर पाऊण तास खेळा. गजर लावा आणि मोहीम संपली की उठा, नवी सुरू करू नका.

२. खेळ बंद केल्यावर अर्धा तास उजेड मंद ठेवा. हातपाय धुवा, हलके खा. रात्री उशिरा चहा नको.

३. दिवसा झोपायचे असेल तर खिडकीला जाड काळा पडदा लावा. खोलीत पाळ्या वेगवेगळ्या असतील तर एकमेकांच्या झोपेचा मान राखा.

४. सतरा तास जागे असाल तर दुचाकी चालवू नका. कंपनीच्या बसने या, नाही तर ज्याची झोप झाली आहे त्याच्या मागे बसा.

५. आठवड्यातला एक दिवस ना ओव्हरटाइम, ना रात्रीचा खेळ. मोठी मोहीम खेळायचीच तर सुट्टीच्या दिवशी उजेडी खेळा.

आईवडिलांनो, लॅपटॉप हिसकावू नका. आधी शेजारी बसा आणि विचारा, हा गडी कोण, हा का मेला. मला जे दोन महिन्यांनी सुचले ते तुम्हाला पहिल्याच दिवशी सुचो. मात्र मुलगा कामावर किंवा शाळेत जाईनासा झाला, जेवण तोडले, बोलणे तोडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर वर्षभर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला देते. मराठीत बोलता येते.

तो मुलगा आता महिन्यातून एकदा रक्तदाब दाखवायला येतो. मागच्या वेळी १२८/८४ होता. खेळ सोडलेला नाही. पाळीही तीच आहे, ठेकेदारही तोच. गाडी मात्र घरी ठेवतो आणि बसने ये-जा करतो. कधी कधी पहाट होतेच, ते तो लपवत नाही. आला की मी आधी आकडा विचारतो आणि मगच पट्टा बांधतो. परवा म्हणाला, "सत्तर. पण आईला फोनवर चाळीस सांगितलाय."